चौथ्याचं नाव काय

मामा, परवा कोल्हापुरात शाहूपुरीत वन्संचं व्याख्यान झालं. तुमच्या लेकीचं. सभागृह भरलं होतं, एसीचा गारवा होता आणि मी तिसऱ्या रांगेत शाल गुंडाळून बसले होते. तुम्ही होता तोवर मी तुमच्याशी एकदाही समोर बसून बोलले नाही. आपल्या घरात ती रीत नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. आता माझी सून माझ्यासमोर पाय पसरून मोबाईल बघते आणि मला त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून हात आपोआप पदराकडे जातो. म्हणून लिहिते. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे आडून आडून बोलायला नको. मला वन्संचा हेवा वाटतो. लग्न होऊन कोडोलीला आले तेव्हापासून वाटतो. केस पांढरे झाले, दात गेले, तुमचा लेक गेला, हे मात्र गेलं नाही.

व्याख्यान गुलामांवर होतं. गोरे लोक समुद्रापलीकडचे देश शोधायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर आफ्रिकेतून धरून आणलेली, विकत घेतलेली माणसं होती. ती ओझी वाहायची, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायची, रानातून वाट काढायची आणि अनोळखी मुलखात सगळ्यांच्या आधी पुढं जाऊन तिथल्या माणसांशी बोलायची. पुस्तकात मात्र देश शोधला साहेबानं. आपल्याकडे हबशी म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो आणि विषय तिथंच संपतो, असं वन्सं म्हणाल्या तेव्हा लोक हसले. वन्सं छान बोलतात. हातात कागद नव्हता. कुठं अडखळतात का ते मी बघत होते. नाही अडखळल्या.

सुरुवात त्यांनी तुमच्यापासून केली. म्हणाल्या, "हा विषय मला माझ्या वडिलांनी दिला. त्यांची दृष्टी गेली होती, पण वाचन सुटलं नव्हतं. एका रविवारी मी घरी गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलं, चौघं जिवंत राहिले, तिघांची नावं पुस्तकात आहेत, मग चौथ्याचं नाव काय? त्या एका प्रश्नामागं मी आयुष्यभर चालले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "काय बाप असंल बघा." मी म्हटलं, "व्हय."

तो प्रश्न तुमचा नव्हता, मामा. माझा होता. तुम्हाला ती दुपार आठवत असेल का, कोण जाणे. मला त्या दिवशीची भाजीसुद्धा आठवते. पावट्याची होती.

काचबिंदूनं तुमचे डोळे गेले तेव्हा मी घरात नवीच होते. तुम्ही निवृत्त मास्तर. सकाळपासून पुस्तक मांडीवर घेऊन बसायचात आणि पानावरून नुसता हात फिरवायचात. वन्सं कोल्हापुरात होस्टेलवर राहून कॉलेज करत होत्या. यांचा दिवस उसात आणि म्हशींत जायचा. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. सासूबाईच एक दिवस स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "तुला वाचता येतंय न्हवं? मग वाच की म्हाताऱ्याला. न्हायतर दिवसभर माझं डोकं खाईल नुसतं." मी सातवी पास. पण समोर बसून वाचणं शक्यच नव्हतं. म्हणून जागा ठरली. तुम्ही बाहेर सोप्यात घोंगड्यावर, मी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून दाराच्या आडोशाला, आणि मधे सासूबाई तांदळाचं सूप घेऊन. मला तुमचं ऐकू यायचं, तुम्हाला माझं ऐकू यायचं, तरी सगळं बोलणं सासूबाईंच्या तोंडून जायचं. तुम्ही म्हणायचात, "सावकाश वाच म्हणावं." त्या माझ्याकडे वळायच्या, "सावकाश वाच म्हणत्यात." मी म्हणायचे, "बरं म्हणावं." त्या तुमच्याकडे वळायच्या, "बरं म्हणती." एकदा कंटाळून त्या म्हणाल्या, "दोघांस्नी कान हायत, तोंडं हायत, मग माझंच तोंड कशाला शिणवताय?" पण रीत मोडली नाही. त्यांनीही नाही.

तसंच वाचत वाचत मी शिकले. जोडाक्षराशी अडले की तुम्ही भिंतीपलीकडून ते फोडून सांगायचात. परदेशातल्या गावांची नावं पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचात. पुस्तकं हे आणायचे, डेअरीत दूध घालून परतताना वाचनालयातून, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून. एका पुस्तकाला दूध लागलं म्हणून वाचनालयातल्या माणसानं यांना झापलं होतं. हे घरी येऊन म्हणाले, "बाबानु, वाचा लवकर, वास यायच्या आत." मी हसले तर तुम्ही सोप्यातून ते हसू ऐकलंत आणि खाकरलात. मी गप्प झाले.

त्या दुपारी मी प्रवासाचं एक जुनं पुस्तक वाचत होते, पुठ्ठा निघालेलं. शेकडो माणसं जहाजांतून एका नव्या किनाऱ्यावर उतरतात. वादळानं, उपासानं, रोगानं मरत जातात. शेवटी चौघं उरतात. ते उघडेवाघडे, अनवाणी, कित्येक वर्षं चालत एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जातात. चौघांतल्या तिघांची नावं पुस्तकात होती, गावं होती, एकाच्या तर बापाआजाचं सगळं होतं. आणि चौथा? 'एक हबशी गुलाम' एवढंच. पण वाचताना माझ्या लक्षात येत होतं की सगळं तोच करतोय. नव्या गावात आधी तो शिरतोय, त्यांची बोली तो शिकतोय, पुढची वाट तो विचारतोय. बाकीचे तिघे मान राखून गप्प बसतात आणि हा बोलतो. मी थांबले. सासूबाईंना म्हटलं, "मामांना विचारा, चौथ्याचं नाव काय?" त्या वळल्या, "ती विचारती, चौथ्याचं नाव काय?" तुम्ही खाकरलात. मग म्हणालात, "पुढं वाच म्हणावं. मधी तोंड घालू नये." या वेळी सासूबाईंनी ते परत सांगितलं नाही. मी ऐकलंय हे त्यांना कळलं होतं.

मी पुढं वाचलं. माझा आवाज बदलला होता, ते तुमच्या लक्षात आलं असेल. आंधळ्या माणसाला आवाज जास्त कळतो म्हणतात.

त्याच आठवड्यात रविवारी वन्सं आल्या. त्या आल्या की घराची हवाच बदलायची. त्या थेट तुमच्या घोंगड्यावर जाऊन बसायच्या, तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून. पृथ्वीचा गोल तुम्ही त्यांना दिला होता. तो त्या मांडीवर घ्यायच्या, तुमचं बोट धरून त्याच्यावरून फिरवायच्या आणि हा कुठला समुद्र, ही कुठली नदी, असं दोघांचं चालायचं. मी आत चहा ठेवत असायचे. त्या दिवशी तुमचा आवाज आला, "चौथा कोण? ते शोध." आणि वन्संचा, "आबा, काय प्रश्न काढलासा!" एवढं ऐकलं आणि मागल्या दारी म्हैस सुटली म्हणून हाक आली. मी धावले. परत आले तोवर तुमचं बोलणं दुसरीकडे गेलं होतं. मी चहा सासूबाईंच्या हातात दिला. माझ्या बोटांना शेण लागलं होतं आणि तुम्ही बाहेर माझा प्रश्न तुमच्या लेकीला देऊन मोकळे झाला होता. हेच मी इतकी वर्षं पोटात धरून बसले. तुम्ही त्यांना एखादा दागिना, शेताचा तुकडा दिला असता तर इतकं लागलं नसतं. माझ्याजवळ तेव्हा माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

खोटं कशाला बोलू, मला त्या चौथ्याचाही हेवा वाटायचा. राधानगरीकडचं माहेर आणि जोतिबाचा डोंगर सोडला तर मी काही पाहिलं नव्हतं. भाकरी थापताना मनात यायचं, हा माणूस चालला. रोज नवी माणसं, नवी बोली, नव्या नद्या. गुलाम असला म्हणून काय, पाहिलं तर त्यानं. असला विचार करणारी मी कसली बाई, असं आता वाटतं. परवा वन्संनी त्याचं पुढचं सांगितलं. ते त्या पुस्तकात नव्हतं, किंवा होतं आणि माझ्या वाट्याला आलं नाही. चौघं गोऱ्यांच्या वस्तीत पोचले तेव्हा तिघांचा मानपान झाला, त्यांना कपडे मिळाले, गोष्ट सांगायला राजदरबार मिळाला. हा पुन्हा गुलामच. नवी मोहीम निघाली तेव्हा त्याला वाट माहीत म्हणून पुढं धाडलं. त्याला ठरवून दिलं होतं, पुढं मुलूख साधारण दिसला तर मागं छोटा क्रूस पाठव, मोठा दिसला तर मोठा. त्यानं लवकरच माणसाच्या उंचीचा क्रूस पाठवला. मागचे खूश झाले. तो मात्र पुढच्या गावात मारला गेला म्हणतात, परत काही आला नाही. त्याचं म्हणून एक वाक्यही कुठं लिहिलेलं नाही. जे आहे ते सगळं मागून येणाऱ्यांनी लिहिलेलं.

आणि नाव. मूळ पुस्तकात चौथ्याचं नाव आहे म्हणे, आपल्या मराठी पुस्तकानं ते गाळलं होतं. पण तेही मालकांनी ठेवलेलं, लहान पोराला हाक मारावी तसलं. त्याच्या आईनं काय ठेवलं होतं ते कुणालाच माहीत नाही. वन्संनी हे सांगितलं तेव्हा मला माझं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरले होते. तुमच्या लेकानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. पहिलं अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून परत लिहिलं. बायका हसल्या, मीही हसले. मग ते तांदूळ गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात झाला. मी गुलाम नव्हते, मामा. मला कुणी विकलं नाही, पोटभर जेवले, नवऱ्यानं जीव लावला. त्या माणसाच्या दुःखाला माझं दुःख लावून उभं करू नये एवढं मला कळतं. फक्त एवढंच की, आईनं ठेवलेलं नाव कुणी विचारत नाही तेव्हा कसं वाटतं, तेवढी एक गोष्ट मला वाचायच्या आधीपासून माहीत होती. म्हणून मी विचारलं असेन. वन्संना तो प्रश्न सुचला नसता. त्यांचं नाव त्यांनी लग्नातही बदलू दिलं नाही, तुम्हीच त्यांच्या बाजूनं उभे राहिला होता.

व्याख्यान झाल्यावर वन्सं माझ्याबरोबर कोडोलीला मुक्कामाला आल्या. व्यासपीठावर 'मी म्हणते' म्हणणाऱ्या वन्सं घरात पाऊल टाकलं की आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखं 'मी म्हणतो' म्हणायला लागतात. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी पाय चोळले आणि म्हणाल्या, "वहिनी, कसं झालं? खरं सांगा."

मी चहा गाळत होते. म्हटलं, "चांगलं झालं. लोक गप्प बसून ऐकत होते."

"लोकांचं न्हाई, तुमचं विचारतो."

मग मला राहवेना. मी पाठमोरीच म्हणाले, "चौथ्याचं नाव मी विचारलं होतं, वन्सं. तुम्ही आलासा त्याच्या आधी. मामा मला ओरडले होते."

मला वाटलं त्या चपापतील, म्हणतील मला काय ठाऊक. त्यांनी कप घेतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "म्हाइत हाय की."

"काय म्हाइत हाय?"

"आबांनी त्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, काय प्रश्न काढलासा. तर म्हणाले, प्रश्न माझा न्हाई, आतला हाय. मी आयुष्यभर पोरांना हे शिकवलं, माझ्या ध्यानात आलं न्हाई, तिच्या आलं. मला उत्तर येत न्हवतं म्हणून तिला गप्प केलं, म्हणाले."

मी विचारलं, "मग भाषणात का न्हाई सांगितलंसा?"

त्यांनी खरंच थोडा विचार केला. "पयल्यांदा सांगायचो. मग बघितलं, आबा आंधळे, वहिनी आत, मधी आई, हे सगळं समजावून सांगस्तोवर लोकांचं ध्यान उडतंय. वाक्य लांबतंय, वहिनी. म्हणून आखडलं. आणि एकदा आखडल्यावर तेच तोंडात बसलं."

एवढं बोलून त्या स्वतःच थांबल्या. कप खाली ठेवला. त्यांचं सगळं आयुष्य ज्या गोष्टीवर बोलण्यात गेलं, ती गोष्ट अशीच तर होते, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. मला त्यांना टोचायचं होतं, पण मग काही बोलले नाही. प्रश्न माझा असेल, पण त्यामागं परक्या भाषा शिकत, धुळीतले कागद उलटत त्या चालल्या. मी नाही चालले. हे मला मान्य आहे. मान्य असून हेवा जात नाही, तेही खरं आहे.

मग मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलंसा इतकी वर्षं?"

"आबांनीच सांगितलं होतं, तिला सांगू नगंस, डोक्यात जाईल." आणि त्या हसायला लागल्या. "तुम्हाला वाटतंय मला सगळं मिळालं. भिंग मी मागितलं होतं त्यांच्याकडं, त्यांचं वाचायचं. म्हणाले, ते आत दिलं. लई राग आलता मला. आंधळ्या माणसाचं भिंग, ते बी वहिनीला."

ते भिंग तुम्ही दिलंत तो दिवस मला आठवतो, पण देणगी म्हणून नाही आठवत. सासूबाई आत घेऊन आल्या, "हे आत ठेव म्हणत्यात." मी ठेवलं. आता ह्यांना उपयोग नाही, अडगळ झाली म्हणून दिलं असं वाटलं. पोरांच्या पायातले काटे काढायला वापरलं. आता माझेच डोळे अधू झालेत तर त्यानंच वाचते. हे होते तोवर मी मोठ्यानं वाचायचे. हे पलंगावर पडून ऐकायचे आणि ऐकता ऐकता घोरायला लागायचे. घोरणं जिथं सुरू झालं तिथून दुसऱ्या दिवशी पुढं, पानाला खूण लागायची नाही. आता मनातल्या मनात वाचते. घरात आवाज नसतो. पान संपलं की अजून थांबते थोडी, पलंगाकडे कान देऊन.

तेव्हा हेवा गेला असेल असं समजू नका, मामा. उलट नवा लागला. आधी वाटायचं, माझा प्रश्न तिला दिलात. आता कळलं की माझं कौतुकही तिलाच दिलंत. मी भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर होते. सासूबाई मधे होत्या. 'चांगलं विचारलं म्हणावं' एवढं म्हणाला असता तर त्यांनी वळून सांगितलं असतं, 'चांगलं विचारलं म्हणत्यात.' मी म्हटलं असतं, 'बरं म्हणावं.' रीत तेवढ्याला आड येत नव्हती. तुम्ही मास्तर होता, शाबासकी म्हणजे काय हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. माझ्या डोक्यात गेलं असतं तर जाऊ द्यायचं होतं. जागा होती.

दोन रात्री राहून आज सकाळी वन्सं निघताना चप्पल घालत म्हणाल्या, "फुडल्या महिन्यात सांगलीत हाय ह्येच व्याख्यान. तिथं सांगतो, वाक्य लांबलं तर लांबू दे. नाव घेऊन सांगतो. कुठलं घेऊ, हितलं का माहेरचं?"

माहेरचं नाव या घरात कुणाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे वन्सं. आता ह्या वयात कशाला? लोकांचं ध्यान उडंल."

त्या गेल्या. मी भांडी घासली, जरा बाहेर जाऊन आले आणि हे लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही, कुणी वाचून दाखवायलाही तिथं नाही, तेव्हा हे कुठं पाठवायचा प्रश्नच येत नाही. शेगडीत घालायचंही नाही. भिंगाखाली ठेवते, उडू नये म्हणून.

राहू दे म्हणाले ते खोटं होतं, मामा. दोन्ही नावं घेतली तरी मला चालतील. सांगलीची एसटी कुठून सुटते, ते मी मघाशी स्टँडवर जाऊन विचारून आले.